धूळ की गोळी? चिखल्याच्या खदानीपासून मेंदूच्या चित्रापर्यंत

माझं आजोळ चिखला. भंडारा जिल्हा, तुमसर तालुका. तुमसरहून तिरोडीकडे जाणाऱ्या रेल्वेलाईनवर गोबरवाही लागतं, तिथून जवळ. धान आणि मँगनीज, या दोन गोष्टींवर हा सगळा पट्टा जगतो.

माझे मोठे मामा खदानीत एका ठेकेदाराकडे कामाला होते. १९९४ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांना कुणी नसताना आवाज ऐकू यायला लागले. दीड वर्ष अंगारे-धुपारे झाले, मग शहरात निदान झालं: स्किझोफ्रेनिया. गोळ्या सुरू झाल्या आणि आवाज थांबले. पण वर्षभरात मामांचं शरीर आखडलं. चेहऱ्यावरचे भाव गेले, हात थरथरायला लागले, पावलं घासत चालणं सुरू झालं. सही इतकी बारीक झाली की बँकेतल्या माणसाने पासबुक परत केलं, म्हणाला सही जुळत नाही.

गावात दोन मतं पडली. खदानीतले जुने लोक म्हणाले, धूळ मेंदूत चढली. आजी म्हणाली, हा गोळीचाच गुण. मामा स्वतः म्हणायचे, "गोरी खाल्ली का आंग लाकडावानी होते." झाडीबोलीत ळ चा र होतो, गोरी म्हणजे गोळी.

आजीने गोळ्या बंद केल्या. त्याच महिन्यात मामांचं कामही सुटलं. पाचसहा आठवड्यांत शरीर मोकळं झालं. आजी म्हणाली, पाहा, गोळी बंद केली म्हणून. जुने लोक म्हणाले, पाहा, धूळ बंद झाली म्हणून. दोन्ही गोष्टी एकाच वेळी बंद झाल्या असतील, तर खरं कारण कोणतं हे नुसतं बघून सांगता येत नाही. विज्ञानाच्या कुठल्याही विद्यार्थ्याला ही अडचण ओळखीची वाटेल. आमच्या घरी मात्र ती फार महागात पडली. तीन महिन्यांनी आवाज परत आले, एका पहाटे मामा घरातून निघून गेले, आणि अकरा दिवसांनी गोंदिया स्टेशनवर सापडले.

मी एम.एस्सी. फिजिक्स करून आता पीएच.डी.साठी मेंदूचे स्कॅन वाचते. स्किझोफ्रेनियाच्या औषधांनी मेंदूत काय बदलतं, ते त्या चित्रांत शोधायचं, असं माझं काम आहे. या विषयाचा इतिहास वाचायला लागले तेव्हा लक्षात आलं की "धूळ की गोळी" हा आमच्या गावचा वाद त्या इतिहासाच्या अगदी मधोमध बसलेला आहे. आज तोच इतिहास सांगते.

ग्लासगोचे पाच कामगार

मँगनीजची धूळ मेंदूवर परिणाम करते हे पहिल्यांदा लिहून ठेवलं जॉन कूपर या डॉक्टरने, १८३७ साली, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत. तिथे ब्लीचिंग पावडरच्या कारखान्यात मँगनीज डायऑक्साइड दळलं जायचं. दळणाऱ्यांपैकी पाच जणांचे पाय लुळे पडू लागले, चालताना तोल जाऊ लागला, चेहरे निर्विकार झाले. त्याच्या वीस वर्षं आधी, १८१७ मध्ये, लंडनच्या जेम्स पार्किन्सनने कंपवातावरचा आपला निबंध छापला होता. ग्लासगोच्या कामगारांचा आजार त्याच्या जवळचा होता, पण तोच नव्हता.

तेव्हा चिखल्यात खदान नव्हती. मध्य प्रांतातलं मँगनीज विलायतेच्या नजरेत भरलं ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. १८९६ साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट स्थापन झाली. भूवैज्ञानिक लुईस फर्मोर याने १९०९ मध्ये भारतातल्या मँगनीज साठ्यांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. इथल्या मँगनीजवाल्या खडकांना त्याने दिलेलं नाव "गोंडाइट" जगभरच्या भूशास्त्रात रुळलं, आणि ते आलं या भागातल्या गोंड लोकांवरून. १९२४ मध्ये सिंडिकेटचं काम सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनीकडे गेलं, १९६२ मध्ये सरकारी भागीदारीतून आजची मॉइल तयार झाली, आणि १९७७ मध्ये ती पूर्ण सरकारी मालकीची झाली. चिखल्याची खदान भूमिगत, शेजारच्या डोंगरी बुजुर्गची उघडी. डोंगरीचं मँगनीज डायऑक्साइड टॉर्चच्या सेलमध्ये जातं. म्हणजे तुमच्या घरच्या जुन्या टॉर्चमध्ये आमच्या पट्ट्यातली माती असू शकते.

खदानीत मँगनीजपासून धोका आहे हे सरकारलाही ठाऊक होतं. १९५२ च्या खाण कायद्याखाली कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत सिलिकोसिसच्या जोडीने मँगनीजची विषबाधा होती, आणि तिच्यापुढे "मज्जासंस्थेचा प्रकार" असा स्पष्ट उल्लेख होता.

चिलीतलं वेड

या विषबाधेचं सगळ्यात चमत्कारिक रूप दिसलं दक्षिण अमेरिकेत, चिलीच्या खाणींत. तिथल्या कामगारांनी त्याला स्वतःच नाव दिलं होतं: "लोकुरा मँगानिका", म्हणजे मँगनीजचं वेड. चांगला कामाला जाणारा माणूस अचानक कारण नसताना हसायचा, रडायचा, भांडायचा, वेड्यासारखा धावत सुटायचा. काहींना भास व्हायचे. एकदोन महिन्यांत हे वेड ओसरायचं आणि मग शरीर आखडायला लागायचं. कोंबड्यासारखं चवड्यांवर चालणं, मागे जायला सांगितलं की धाडकन पडणं, तोंडावर मुखवटा.

आधी वेड, मग आखडणं. मामांची गोष्ट वरवर पाहिली तर हुबेहूब हीच. आवाज आले, मग शरीर लाकूड झालं. खदानीतल्या जुन्या लोकांचा अंदाज म्हणून अगदीच अडाणी नव्हता.

या चिली कामगारांवर १९६० च्या दशकात अभ्यास केला इस्माएल मेना आणि जॉर्ज कोट्झियास यांनी. कोट्झियास मूळचा ग्रीक, अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत काम करायचा. त्यांनी किरणोत्सारी मँगनीज वापरून कामगारांच्या शरीरात हा धातू किती आहे आणि किती वेगाने बाहेर पडतो ते मोजलं. निष्कर्ष उलटा निघाला. खाणीत काम करणाऱ्या धडधाकट माणसांच्या शरीरात मँगनीज जास्त होतं. खाण सोडलेल्या आजारी माणसांच्या शरीरात ते जास्त नव्हतंच. धातू निघून गेला होता, आजार मागे राहिला होता. १९६८ मध्ये हे छापलं गेलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी ती परत येणार आहे.

आपल्याकडेही हा प्रश्न कुणी हाती घेतला नाही असं नाही. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे.जे. रुग्णालयात दाराब दस्तूर हे मेंदूविकृतीचे मोठे अभ्यासक होते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मँगनीज-५४ हे किरणोत्सारी मँगनीज आधी उंदरांना आणि मग माकडांना दिलं आणि कुठल्या अवयवात ते किती साठतं, किती टिकतं ते पाहिलं. माकडांवरचा निबंध १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. इतर अवयवांतून मँगनीज बऱ्यापैकी लवकर निघून जातं, मेंदूतून मात्र फार सावकाश, हे त्यातून दिसलं. तेव्हा जिवंत मेंदूचं चित्र काढायचं तंत्र नव्हतं. प्राणी मारून, मेंदूचे तुकडे करून, एकेक तुकडा मोजणीयंत्राखाली धरावा लागायचा. पण कल्पना आजच्याच स्कॅनची होती: किरणोत्सारी कण आत सोडा आणि तो कुठे बसतो ते बघा.

सर्पगंधा आणि ससे

आता गोळीच्या बाजूने बघू. तो धागाही आपल्या देशातूनच सुरू होतो.

सर्पगंधेची मुळी बिहारकडे "पागल की दवा" म्हणून विकली जायची. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाब आणि वेड, दोन्हींवर तिचा उपयोग होतो असं लिहिलं. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रक्तदाबाच्या रुग्णांवरचा अभ्यास छापला आणि या मुळीकडे जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसर्पीन वेगळं काढलं. दोन वर्षांत न्यूयॉर्कजवळच्या मनोरुग्णालयात नॅथन क्लाइन ते स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना देत होता. त्याच १९५२ साली पॅरिसमध्ये डिले आणि डेनिकर यांनी क्लोरप्रोमाझिन वापरून पाहिलं होतं. १९५७ च्या लास्कर पुरस्काराच्या यादीत वकील, क्लाइन आणि डेनिकर ही तिन्ही नावं एकत्र आहेत.

दोन औषधं, दोन वेगळ्या वाटांनी आलेली. एक झाडाच्या मुळीतून, दुसरं कारखान्यातून. पण दोन्हींनी आवाज थांबत आणि दोन्हींनी शरीर आखडे. का, ते कुणालाच कळत नव्हतं.

उत्तराचा पहिला भाग सापडला स्वीडनमध्ये. १९५७ मध्ये आर्विद कार्लसन आणि सहकाऱ्यांनी सशांना रेसर्पीन दिलं. ससे निपचित पडले, कान खाली. मग त्यांना एल-डोपा टोचलं, ज्यापासून शरीर डोपामीन बनवतं. थोड्याच वेळात ससे उठून बसले. रेसर्पीन मेंदूतलं डोपामीन रिकामं करतं, हे कार्लसनने दाखवून दिलं. १९६० मध्ये व्हिएन्नात एरिंगर आणि हॉर्निकीविच यांना पार्किन्सनने गेलेल्या माणसांच्या मेंदूतल्या स्ट्रायटम या भागात डोपामीन अगदी कमी आढळलं. १९६३ मध्ये कार्लसन आणि लिंडक्विस्ट यांनी सुचवलं की क्लोरप्रोमाझिन आणि हॅलोपेरिडॉल डोपामीन रिकामं करत नाहीत, ते जिथे पोचायला हवं ती दारंच अडवतात. २००० साली कार्लसनला नोबेल मिळालं.

आणि कोट्झियास? मँगनीजच्या अभ्यासातून तो पार्किन्सनकडे वळला. या आजारात मेंदूतला काळा रंगकण नाहीसा होतो, तो परत भरून काढता येईल असा त्याचा अंदाज होता. त्यासाठी त्याने रुग्णांना डोपा तोंडावाटे, मोठ्या मात्रेत, हळूहळू वाढवत दिलं. रंगकणाचा अंदाज बाजूला राहिला, पण खाटेला खिळलेली माणसं चालायला लागली. १९६७ मध्ये ते छापून आलं, आणि आजही पार्किन्सनचा मुख्य उपचार तोच आहे. खाणीतल्या धुळीच्या प्रश्नातून जगाला कंपवाताचं औषध मिळालं.

धूळ, मुळी आणि गोळी, तिन्ही वाटा मेंदूच्या एकाच वस्तीत येतात. कपाळाच्या आत खोलवर असलेल्या गाठींचा हा समूह, बेसल गँग्लिया. म्हणूनच बाहेरून बघताना तिन्हींचा माणूस सारखाच दिसतो.

सहीवरून डोस

स्कॅन नव्हते तेव्हा डॉक्टर डोस कसा ठरवायचे? बहुतेक ठिकाणी आवाज थांबेपर्यंत वाढवत न्यायचा. १९७० च्या दशकात हॅलोपेरिडॉल दिवसाला २०, ३० मिलिग्रॅम, कधी त्याहूनही खूप जास्त दिलं जायचं.

पण एका जर्मन डॉक्टरने वेगळी युक्ती काढली होती. हान्स-योआकिम हाझे १९५० च्या दशकापासून रुग्णांना रोज एक मजकूर लिहायला लावायचा. औषध वाढत गेलं की एका टप्प्यावर अक्षर आक्रसतं. त्याचं म्हणणं, औषधाचा गुण यायला एवढीच मात्रा पुरे, त्यापुढे वाढवून फक्त त्रास वाढतो. हे वाचलं तेव्हा मला मामांची सही आठवली. बँकेतल्या माणसाने जी परत केली, ती या हिशोबाने एक वैद्यकीय तपासणी होती. ती वाचणारं कुणी नव्हतं, इतकंच.

हाझेचं म्हणणं बराच काळ बाजूला पडलं. ते खरं की खोटं हे ठरवायला औषध जिवंत माणसाच्या मेंदूत नेमकं किती बसतं ते मोजायला हवं होतं.

पंगतीचा हिशोब

२५ मे १९८३ रोजी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये हेन्री वॅग्नर स्वतःच यंत्रात झोपला आणि जिवंत माणसाच्या मेंदूतल्या डोपामीन ग्राहकांचं पहिलं पेट स्कॅन त्याचं निघालं. हे तंत्र समजायला पंगत डोळ्यासमोर आणा.

मेंदूत डोपामीनसाठी पाट मांडलेले आहेत. या पाटांना डी-२ ग्राहक म्हणतात. आपण शिरेतून अगदी थोडे पाहुणे आत सोडतो, ज्यांच्या हातात दिवा आहे. म्हणजे कार्बन-११ हा किरणोत्सारी अणू जोडलेलं रसायन. हे पाहुणे रिकाम्या पाटांवर बसतात आणि यंत्राला दिवे दिसतात. आता त्याच माणसाला हॅलोपेरिडॉल द्या. औषध आधीच येऊन पाटांवर बसतं, दिवेवाल्यांना जागा उरत नाही, चित्र मंद होतं. आधी किती दिवे होते आणि नंतर किती राहिले, या फरकावरून औषधाने किती टक्के पाट अडवले ते निघतं. कार्बन-११ ची किरणोत्सारिता दर २० मिनिटांनी निम्मी होते, त्यामुळे तो बनवणारा सायक्लोट्रॉन शेजारीच लागतो. भारतात वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पेट स्कॅन पहिल्यांदा आलं २००२ मध्ये, मुंबईत परळला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये.

सुरुवातीची चित्रं सगळीच निर्विवाद नव्हती. १९८६ मध्ये हॉपकिन्सच्या डीन वाँग आणि सहकाऱ्यांनी सांगितलं की स्किझोफ्रेनियात डी-२ ग्राहक खूप वाढलेले असतात. स्टॉकहोमच्या लार्स फार्दे यांच्या गटाने दुसरं रसायन वापरून मोजलं तर त्यांना तसा फरक दिसेना. मेंदूचं चित्र म्हणजे फोटो नव्हे, ते मोजमाप असतं, आणि फूटपट्टी बदलली की आकडा बदलतो, हा धडा आमच्या क्षेत्राने तेव्हाच घेतला.

पण औषधाच्या प्रश्नाचं उत्तर मात्र पक्कं मिळालं. फार्दे यांच्या गटाने १९८० च्या दशकाच्या शेवटी दाखवलं की नेहमीच्या डोसवर असलेल्या रुग्णांत साधारण ६५ ते ८५ टक्के पाट अडलेले असतात, आणि शरीर आखडलेले रुग्ण वरच्या टोकाला असतात. दिल्लीच्या एम्समध्ये शिकलेले शितिज कपूर तेव्हा टोरोंटोत होते. १९९६ मध्ये त्यांनी दाखवलं की हॅलोपेरिडॉलच्या दिवसाला फक्त २ मिलिग्रॅमने ५३ ते ७४ टक्के पाट अडतात. २००० मध्ये त्यांनी पहिल्यांदाच आजारी पडलेल्या २२ रुग्णांना दिवसाला १ किंवा २.५ मिलिग्रॅम दिलं. साधारण ६५ टक्क्यांच्या वर गुण यायची शक्यता वाढली, ७८ टक्क्यांच्या वर शरीर आखडायची. मधली जागा अरुंद आहे, पण ती आहे. आणि २० मिलिग्रॅम देऊन मिळणार काय? पाट आधीच भरलेले. वाढतो तो फक्त त्रास. हाझेचं अक्षर आणि कपूरचं स्कॅन एकाच जागी येऊन थांबले.

यालाही अपवाद आहेच. क्लोझापीन हे औषध बरेच कमी पाट अडवूनही, इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांवर काम करतं. म्हणजे डोपामीन ही गोष्टीची एक बाजू आहे, पूर्ण गोष्ट नाही. पुढचं संशोधन, माझंही, तिथूनच सुरू होतं.

धूळ, गोळी की पार्किन्सन: तीन चित्रं

समजा आज चिखल्याहून असाच एक आखडलेला माणूस आला. त्याच्या मेंदूत काय बघायचं?

मँगनीज स्वतः चुंबकीय स्वभावाचं असतं. एमआरआय तंत्राच्या जनकांपैकी पॉल लॉटरबर यांनी १९७८ मध्येच कुत्र्यांवरच्या प्रयोगात मँगनीजचे क्षार चित्र उजळवण्यासाठी वापरले होते. त्यामुळे धुळीतून आलेलं मँगनीज मेंदूत साठलं की साध्या टी-१ एमआरआयवर ग्लोबस पॅलिडस हा भाग दोन्ही बाजूंना पांढरा चमकतो. कंत्राट द्यायला बाहेरचं काही टोचावं लागत नाही, आजारानेच रंग भरलेला असतो.

खरा पार्किन्सन असेल तर एमआरआय बहुधा साधाच दिसतो. पण डोपामीन बनवणाऱ्या पेशींची टोकं मोजणारं स्कॅन, आपल्याकडे ट्रोडॅट म्हणून मिळतं ते, स्ट्रायटममध्ये विझत गेलेलं दिसतं. ते टेक्निशियमवर चालतं, जवळ सायक्लोट्रॉन लागत नाही.

गोळीने आखडलेला असेल तर एमआरआयही साधा आणि ट्रोडॅटही जवळपास साधं. पेशी शाबूत आहेत, फक्त समोरचे पाट अडलेत. मँगनीजमध्येही ट्रोडॅट बहुधा ठीकच असतं, कारण तिथे बिघाड पुढच्या गाठीत असतो. म्हणूनच एल-डोपाचा पार्किन्सनला जसा गुण येतो तसा मँगनीजच्या रुग्णाला सहसा टिकाऊ येत नाही.

दोन स्कॅन शेजारी ठेवले की धूळ, गोळी आणि पार्किन्सन बऱ्याच अंशी वेगळे करता येतात. बऱ्याच अंशी म्हणते, कारण यात तीन खाचखळगे आहेत.

पहिला: पॅलिडस चमकला म्हणजे माणूस आजारी असंच नाही. कोरियात वेल्डिंग आणि मँगनीजचं काम करणाऱ्या, काहीही तक्रार नसलेल्या अनेक कामगारांत ही चमक दिसली. चमक सांगते की धातू आत गेलाय. लिव्हर सिरोसिसमध्येही ती दिसते, कारण मँगनीज बाहेर टाकायचं काम यकृताचं.

दुसरा, आणि चिखल्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा: ही चमक पुसली जाते. धुळीतून बाहेर पडल्यावर साधारण सहा महिने ते वर्षभरात ती फिकी होते. आजार मात्र राहू शकतो, वाढूही शकतो. कोट्झियासने चिलीत जे मोजलं तेच. म्हणजे काम सोडून दोन वर्षांनी कुणी तपासायला आला आणि एमआरआय स्वच्छ निघाला, तर "मँगनीज नव्हतंच" असं त्यावरून म्हणता येत नाही. कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात मँगनीजमुळे होणारे आजार यादीत आहेत, पण पुरावा लागतो, आणि पुरावा काम चालू असतानाच घ्यावा लागतो. ज्याला खदानीत काम करताना तोल जाणं, बोलणं अडखळणं, विनाकारण हसू-रडू फुटणं असं काही होतंय, त्याने तेव्हाच डॉक्टरला आपलं काम काय ते सांगावं आणि नियतकालिक तपासणीत ते लिहवून घ्यावं. ठेकेदाराकडच्या माणसाने तर नक्कीच.

तिसरा: कुठलंही स्कॅन स्किझोफ्रेनियाचं निदान करत नाही. ते आजही बोलून, ऐकून, वेळ देऊनच होतं. "मेंदूचा फोटो काढून वेड सांगतो" असं कुणी म्हणत असेल तर पैसे वाचवा.

मामा

मामांचं कोणतंही स्कॅन कधी झालं नाही. २००९ मध्ये दुसऱ्या एका डॉक्टरांनी त्यांची चिठ्ठी बघितली. गोंदियाहून परत आणल्यावर गोळ्या पुन्हा त्याच मात्रेत सुरू झाल्या होत्या, आणि शरीर पुन्हा लाकूड झालं होतं. खदान सोडून तोवर कैक वर्षं झाली होती, त्यामुळे या खेपेला धुळीला दोष देता येत नव्हता. डॉक्टरांनी हॅलोपेरिडॉल १५ मिलिग्रॅमवरून काही महिन्यांत टप्प्याटप्प्याने ३ वर आणलं. आवाज परत आले नाहीत. शरीर सुटलं. ती गोळीच होती, आणि गोळीपेक्षाही तिची मात्रा.

स्टॉकहोम आणि टोरोंटोच्या यंत्रांत कुणी अनोळखी माणसं झोपली, त्यांच्या मेंदूतले दिवे मोजले गेले, आणि त्यातून निघालेला आकडा पुस्तकांत, मग चिठ्ठ्यांवर उतरत तुमसर तालुक्यातल्या एका घरापर्यंत आला. मला माझ्या कामाबद्दल कुणी विचारलं, "याचा गावाला काय उपयोग, तिथे कुठे पेट स्कॅन आहे?" तर मी हेच सांगते. यंत्र गावात येईल तेव्हा येईल. आकडा त्याच्या आधी पोचू शकतो, फक्त तो वाचणारा डॉक्टर आणि तक्रार नीट सांगणारं घर हवं.

म्हणून एकच विनंती. घरात कुणी या गोळ्यांवर असेल आणि शरीर आखडत असेल, तर गोळी स्वतःहून बंद करू नका. आमच्या आजीने केली ती मायेपोटी, आणि त्याचे अकरा दिवस आम्ही अजून विसरलो नाही. डॉक्टरकडे जा आणि मात्रेबद्दल विचारा. जमलं तर रुग्णाची आधीची आणि आताची सही एका कागदावर घेऊन जा.

मामा आता धान काढणीला बांधावर बसून हिशोब लिहितात. गेल्या दिवाळीत मी त्यांना या लेखाबद्दल सांगितलं. ऐकून म्हणाले, "मंग बाई, तुह्या आजीचंच खरं होतं." मी म्हटलं, अर्धं. अर्धं तिचं, अर्धं डॉक्टरचं. ते हसले. आधी हसू चेहऱ्यावर यायचंच नाही, आता येतं.